कॉपीराईटचा फॉर्म भरताय? 'प्रकाशित' म्हणजे काय ते आधी बघा

आमच्या कुडाळात कोणी मालवणी कवितांची वही घेऊन आला की प्रश्न ठरलेला, कॉपीराईट कसा घ्यायचा? अहो, घ्यायचा नसतोच तो. तुमचं तुम्ही लिहिलंत की तो तुमचा झाला, १९५७ च्या कायद्यात रजिस्ट्रेशन सक्तीचं नाहीच. पण उद्या भांडण कोर्टात गेलं तर सर्टिफिकेट प्रथमदर्शनी पुरावा धरतात, म्हणून ५०० रुपये घालवा. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने वही पाठवून पाकीट बंद ठेवायची जुनी युक्ती आहे ना, ती याच्या जागी चालत नाही. आयएसबीएनचाही, म्हणजे पुस्तकावर छापतात त्या ओळख-क्रमांकाचाही, याच्याशी संबंध नाही.

कॉपीराईट ऑफिसच्या सरकारी साइटवर अकाउंट काढायचं, फॉर्म १४ भरायचा, फी ऑनलाइन. हे सोपंय. लोक अडकतात ते 'प्रकाशित की अप्रकाशित' या रकान्यात.

कायद्याने प्रकाशन म्हणजे प्रती लोकांना मिळू लागणं किंवा लिखाण लोकांपर्यंत पोचवणं, नारळ फोडून पाहुण्यांच्या हस्ते रिबीन सोडणं नव्हे! पुस्तक डिसेंबरात दुकानात विकायला ठेवलंत आणि पाहुणे मोकळे नव्हते म्हणून सोहळा जानेवारीत केलात, तर फॉर्मात आधीचं वर्ष टाकायचं, कारण तिथे पहिल्या प्रकाशनाचं वर्ष आणि देश विचारतात. नेटवर सगळ्यांना दिसेल असं टाकलंत तरी तेच, कोणी वाचलं की नाही हा प्रश्नच नाही, वाचायला मिळण्याजोगं ठेवलंत एवढं पुरे. घरातल्या चौघांना झेरॉक्स दिलीत तर मात्र मी अप्रकाशितच लिहीन.

आणि न विचारता कोणी छापलं तर? माझा दशावतारावरचा लेख एका दिवाळी अंकाने असाच परस्पर छापला, मानधन राहूदे, अंकसुद्धा मी विकत घेतला. पण कलम ४ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय छापलेलं प्रकाशित धरत नाहीत (चोरीचा दावा लावायचा असेल तेव्हा ही सवलत नाही, छापलं ते छापलंच), त्यामुळे मी अप्रकाशित म्हणूनच फॉर्म भरला.

प्रकाशक दुसरा असेल तर त्याचं ना-हरकत पत्र आधीच मागून ठेवा, नंतर फोन उचलत नाहीत. हक्क लिहून देत असाल तर मुदत घालून घ्या, नाही घातली तर ५ वर्षं धरतात.

फॉर्म गेला की डायरी नंबर, म्हणजे अर्जाचा नोंद-क्रमांक, येतो, मग हरकतींसाठी ३० दिवस थांबायचं. ऑफिसने शंका काढली तर उत्तर वेळेत द्यावं लागतं, म्हणून पावसात ज्याच्या घरी रेंज टिकते त्याला मेल बघायला सांगा.