टणटणीचं कुंपण काढायचं तर जमिनीखाली दोन बोटं

आमच्या मागच्या अंगणाच्या कडेला चाळीस फूट लांब टणटणी (घाणेरी) होती. वडिलांनी लावलेली. गुरं तोंड लावत नाहीत, पाणी घालावं लागत नाही, काटे आहेत आणि वर फुलंही येतात, म्हणून त्यांनी ती निवडली होती. त्यांच्या पश्चात ती डोक्याच्या वर गेली, अंगणात दहा फूट आत सरकली आणि तिच्याखाली गवताचं पातंही उगवेनासं झालं. ती काढायला मला दोन वर्षं लागली. त्यातलं पहिलं वाया गेलं, कारण मी ती चुकीच्या जागी तोडली.

त्या वर्षी कोयत्याने सगळं कुंपण जमिनीलगत कापलं. दिसायला सपाट, स्वच्छ. महिनाभरात एकेका बुंध्यातून सात-आठ कोंब आले आणि पहिल्यापेक्षा दाट झुडूप झालं. तणनाशक मारा, असं बऱ्याच जणांनी सुचवलं. कुंपणापासून पंधरा पावलांवर आमची विहीर आहे, त्यामुळे तो विचार मी केला नाही. कुणी मीठ ओतायला सांगतं, कुणी व्हिनेगर. व्हिनेगरने पानं करपतात, मूळ शाबूत राहतं. मिठाने माती नासते आणि मग तिथे पुढे काहीच धड उगवत नाही.

शेवटी मी एक बुंधा खणून काढला, नळाखाली धुतला आणि पायरीवर ठेवून नीट पाहिला. खोड जिथे मुळाला मिळतं तिथे एक फुगीर गाठ होती. सगळे कोंब त्या गाठीतून निघाले होते, तिच्याखालच्या मुळातून एकही नाही. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात टणटणी काढण्याची पद्धत बसवली, ती याच गोष्टीवर उभी आहे, हे मला नंतर वाचायला मिळालं. मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर तोडायचं, झुडूप उचलायचं आणि उलटं ठेवायचं. अख्खं मूळ खणत बसायची गरज नाही. जंगलातली ही रीत अंगणातही तशीच लागू पडते.

दिवस निवडताना दोन गोष्टी पाहा. माती ओली हवी. चांगला पाऊस पडून एक-दोन दिवस झालेले उत्तम, नाहीतर आदल्या संध्याकाळी बुंध्यांशी भरपूर पाणी सोडा. दुसरं, फळं हिरवी असताना काम उरका. काळी झाली असतील तर आधी ते घोस कापून पोत्यात भरा, नाहीतर ओढाताणीत सगळं बी तुम्हीच पेराल. पूर्ण बाह्यांचा सदरा, चामडी हातमोजे आणि बंद बूट घाला. टणटणीचे काटे बारीक आणि वाकडे असतात, साध्या सुती मोज्यातून आरपार जातात. हात घालण्याआधी लांब काठीने जाळी बडवा आणि थोडं थांबा. आत साप असतात. घरट्यात पिल्लं दिसली तर तेवढं झुडूप पिल्लं उडेपर्यंत राहू द्या. कुंपणाखालून पाण्याचा पाइप किंवा विजेची तार गेली आहे का, तेही आधी विचारून घ्या.

आता तोडणी. वरचा पसारा करवतीने उतरवा, पण खोड कमरेएवढं शिल्लक ठेवा. तीच तुमची मूठ. खुरप्याने बुंध्याभोवतालचा पालापाचोळा आणि माती वीतभर बाजूला करा, म्हणजे गाठ दिसेल. अरुंद पात्याची कुदळ घ्या आणि गाठीच्या खाली दोन बोटं, तिरका घाव घाला. दुसऱ्या माणसाने खोड विरुद्ध बाजूला वाकवून धरलं तर मूळ ताणलं जातं आणि दोन-तीन घावांत तुटतं. जुन्या बुंध्याला जाड मुळं चार दिशांना गेलेली असतात. तिथे भोवती फिरून एकेक तोडावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो.

निघालेला बुंधा लगेच फेकू नका. उलटा करून पाहा: गाठ पूर्ण आली आहे का? अर्धी फाटून जमिनीत राहिली असेल तर तिथल्या तिथे परत खणा. दुसऱ्या वर्षी माझ्या पाच बुंध्यांना पुन्हा कोंब आले आणि पाचही ठिकाणी गाठीचा तुकडा आतच राहिला होता. आणखी एक जागा सहज नजरेतून सुटते. ज्या फांद्या वाकून मातीला टेकलेल्या असतात, त्यांना तिथे मुळं फुटतात आणि नवं झाड सुरू होतं. अशी प्रत्येक फांदी टोकापर्यंत माग काढत उचला.

काढलेली झुडपं मुळं वर करून दगडांवर किंवा पत्र्यावर रचा. साल सुटेपर्यंत आणि फांदी कडकन मोडेपर्यंत ती उन्हात राहू दे. पेटवू नका, घराजवळ तर मुळीच नाही. पाला गुरा-शेळ्यांपासून लांब ठेवा. तो खाल्ल्याने यकृत बिघडतं आणि उन्हात त्यांची कातडी सोलवटते. हिरवी फळं लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत, याकडेही लक्ष हवं.

तुमचं कुंपण दुसऱ्या झुडपाचं असेल तर हिशेब बदलतो. बेशरमीचा पेराचा सांधा असलेला कुठलाही तुकडा ओलीत पडला की रुजतो, म्हणून तिथे तुकडे वेचणं हेच मुख्य काम. वेड्या बाभळीचे डोळे, म्हणजे जिथून कोंब फुटतात त्या जागा, बरेच खोल असतात. तिच्यासाठी फूटभर खणून मूळ तोडावं लागतं, आणि तिचा काटा चपलेच्या तळातून वर येतो.

सगळं कुंपण एका दमात काढू नका. मी दर वेळी सात-आठ फूट काढलं आणि त्याच आठवड्यात तिथे अडुळसा आणि निर्गुडीच्या फांद्या लावल्या. जमीन उघडी राहिली तर पहिल्याच पावसात माती वाहते आणि टणटणीचंच बी आधी उगवतं. मोकळ्या जागेवर चार बोटं जाड सुका पाला पसरा. फुलपाखरं जातील, अशी हळहळ मलाही वाटली होती, पण टप्प्याटप्प्याने काढल्यामुळे त्यांना आणि बुलबुलांना बसायला काही ना काही उरलं.

मातीतलं बी काही वर्षं उगवत राहतं आणि पक्षी नवं आणून टाकतात. म्हणून पाऊसकाळात दर पंधरा दिवसांनी फेरी मारा. सगळीकडे फिरायला नको. जिथे पक्षी बसतात, म्हणजे तारेखाली, भिंतीच्या कठड्याखाली, झाडाच्या आडव्या फांदीखाली, तिथे आधी पाहा. पान चुरडून हुंगलं की तो उग्र वास लगेच ओळखू येतो. बोटभर असताना रोप दोन बोटांनी अलगद निघतं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिलं तर पुन्हा कुदळ आणावी लागते.