गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिल्यानंतर: रक्तस्राव कसा ओळखाल, काय कराल

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात ती विरघळवायला अल्टेप्लेस हे औषध पंपाने शिरेतून देतात. त्याचे रक्तातले प्रमाण साधारण पाच मिनिटांत निम्म्यावर येते, पण रक्त गोठायला लागणारे फायब्रिनोजेन हे प्रथिन त्यानंतरही बराच काळ कमी राहू शकते. त्यामुळे पंप बंद झाला तरी २४ तास रुग्णावरची नजर हटता कामा नये.

बीपी आणि शुद्ध, बोलणे, हातापायांची ताकद पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पूर्ण होईपर्यंत तासातासाला तपासा. बीपी १८०/१०५च्या वर जाऊ देऊ नका. बीपीचा पट्टा औषध चालू असलेल्या हाताला बांधू नका. शिफ्ट बदलताना दोन्ही सिस्टरांनी खाटेजवळ उभे राहून ही तपासणी एकत्र करावी. ‘हात थोडा उचलतो’ या नोंदीवरून काहीच कळत नाही. हात १० सेकंद हवेत टिकला की पाचव्या सेकंदाला खाली आला, हे लिहा.

जोराची डोकेदुखी, उलटी, मळमळ, एकदम चढलेले बीपी, वाढलेली गुंगी किंवा वाढलेला अशक्तपणा दिसला, तर मेंदूत रक्तस्राव झालाय असेच धरून चाला. वाचा गेलेला रुग्ण डोके दुखते म्हणून सांगू शकत नाही. तो कपाळाकडे हात नेतो, तोंड वाकडे करतो, अस्वस्थ होतो. रात्री ‘झोप लागली असेल’ म्हणून सोडून देणे सर्वांत घातक. प्रत्येक वेळी जागे करून तपासा.

संशय येताच आधी पंप बंद करा, मग डॉक्टरांना बोलवा. टेनेक्टेप्लेस हे याच प्रकारचे दुसरे औषध एकाच डोसात जाते, तिथे थांबवायला काही उरत नाही. म्हणून पुढची धावपळ आणखी लवकर हवी. तातडीने सीटी स्कॅन, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), पीटी-आयएनआर आणि एपीटीटी (रक्त गोठण्याच्या तपासण्या), फायब्रिनोजेन आणि क्रॉसमॅच (रक्त जुळते का ते पाहणे). रक्तपेढीला लगेच कळवा, कारण क्रायोप्रेसिपिटेट (फायब्रिनोजेन असलेला, गोठवून ठेवलेला रक्तघटक) वितळायला वेळ लागतो. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला तर डॉक्टरांच्या आदेशाने ते साधारण १० युनिट, १० ते ३० मिनिटांत दिले जाते. फायब्रिनोजेन १५० मिलिग्रॅम/डेसिलिटरखाली असेल तर आणखी. पर्याय म्हणून ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (गुठळी विरघळू न देणारे औषध) १००० मिलिग्रॅम १० मिनिटांत शिरेतून.

बाकी शरीरही पाहा. सुई टोचलेल्या जागा, हिरड्या, लघवी आणि शौचाचा रंग. कंबर किंवा पोट दुखतेय, नाडी वाढतेय आणि बीपी उतरतेय, तर पोटामागे रक्त साचत असू शकते. टोचलेल्या जागेतून रक्त झिरपत असेल तर बोटाने सलग दाबून धरा. दर मिनिटाला उचलून पाहिले तर जमू लागलेली गुठळी निघून येते. दात ब्रशने घासू नका, ओल्या मऊ बोळ्याने तोंड पुसा. स्नायूत इंजेक्शन नको. राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), लघवीची नळी, धमनीतली लाइन यांवाचून भागत असेल तर त्या घालणे पुढे ढकला.

ॲस्पिरिन किंवा हेपरिन ही रक्त गोठू न देणारी औषधे आहेत. ती २४ तासांनंतरचा सीटी स्कॅन पाहूनच सुरू होतात. औषधाच्या तक्त्यावर त्यांचा जुना आदेश राहिला असेल तर डोस थांबवून डॉक्टरांना विचारा.