लातूर-परभणीहून विनिपेगला: बर्फाच्या मुलखात बिऱ्हाड हलवण्याआधी

परभणीत पारा पाच-सहा अंशांवर उतरला की शेकोट्या पेटतात, आजी गोधडीवर घोंगडी टाकते आणि विषय मिटतो. कॅनडातल्या विनिपेगला जानेवारीतली रात्र सरासरी उणे वीसच्या आसपास असते. अंगावर आणखी एक स्वेटर चढवायचा आणि जवळ विस्तव ठेवायचा, हे आपले दोन्ही हुकमी उपाय तिथं उलटतात. तिथं सगळ्यात आधी जपायचं ते कोरडेपणाला. घाम असो, वितळलेला बर्फ असो की भिजलेला मोजा, ओल आली की ऊब गेली.

तारीख हातात असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पोहोचा. थंडी हळूहळू वाढते, अंगाला सवय होते, बाजारात सगळी मापं मिळतात. जानेवारीतच जावं लागलं तर प्रत्येकाचा थर्मलचा एक जोड, लोकरी मोजे, कानटोपी आणि हातमोजे विमानात सोबतच्या पिशवीत ठेवा. मोठी बॅग उशिरा आली तर विमानतळाच्या दारातच हाल होतात.

जड जाकीट आणि बर्फाचे बूट इथून घेऊ नका. आपल्या बाजारातली फुगीर जाकिटं आपल्याच थंडीसाठी असतात आणि बॅगेत जागा मात्र भरपूर खातात. इथून माणशी थर्मलचे दोन-तीन जोड पुरेत. मुलांची जाकिटं तिथल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत स्वस्तात आणि चांगली मिळतात. मुलं वर्षात वाढतात, कपडे मात्र फारसे झिजत नाहीत. कमीपणा मानू नका, तिथं सगळेच घेतात.

कपड्यांचे थर तीन. अंगालगतचा थर लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा हवा. इथंच आपली माणसं चुकतात: आत सुती बनियन आणि वर तीन स्वेटर. सुती कापड घाम धरून ठेवतं, चालणं थांबलं की तेच ओलं बनियन अंग गारठवतं. मधला थर फ्लीसचा (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचा) किंवा लोकरीचा, बाहेरचा वारा आणि पाणी अडवणारा. ऊब देते ती कापडात अडकलेली हवा, त्यामुळे सगळं थोडं सैल असू द्या. बुटांचंही तसंच. दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातले तर रक्त नीट फिरत नाही आणि बोटं आधी बधिर होतात. एकच जाड लोकरी मोजा घालून माप घ्या, आत बोटं हलली पाहिजेत. जोडवी अशा बुटात टोचतात आणि बोट आवळतात, बाहेर पडताना काढलेली बरी. साडी नेसणाऱ्यांनी आत लोकरी लेगिंग घालावी आणि साडी घोट्याच्या वर चार बोटं ठेवावी. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचा चिखल काठाला लागला की ओल वर चढते.

मुलांना कपडे घालण्याचा क्रम ठरलेला असतो, तो चुकला तर शाळेच्या बसच्या वेळेला रडारड ठरलेली. आधी लघवीला पाठवा. मग बर्फाची पँट, मग बूट, कारण जाकीट चढल्यावर पोराला वाकताच येत नाही. पँटच्या आतली लवचिक पट्टी बुटावरून ओढा, नाहीतर बर्फ आत जातो. त्यानंतर गळपट्टी, जाकीट, टोपी आणि सगळ्यात शेवटी हातमोजे. लहानांना पाच बोटांचे नकोत, मिटन घ्या. त्यात चार बोटं एकत्र राहून एकमेकांना ऊब देतात. प्रत्येक मुलाला दोन जोड लागतात, एक शाळेत भिजतोच. बुटातलं नमद्याचं अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळवा, पण बूट किंवा अस्तर हीटरला चिकटवून नको, बुटाच्या तळाचा गोंद सुटतो. चेन ओढायचा सराव निघण्याआधी घरीच हातमोजे घालून करून घ्या. उणे दहा-पंधरालाही मधल्या सुट्टीत मुलांना बाहेर सोडतात आणि बाईंना वीस पोरांच्या चेन लावायला वेळ नसतो.

गाडीच्या चाइल्ड सीटमध्ये मूल जाड जाकिटासकट बांधू नका. धडकेत जाकीट दबतं आणि पट्टे सैल पडतात. जाकीट काढा, पट्टे आवळा, वरून पांघरूण घाला.

हवामानाच्या बातमीत दोन आकडे असतात. बाहेर पडताना दुसरा बघा: वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी, म्हणजे विंड चिल. तो उणे 28 ते 39 असेल तर उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, उणे 40 ते 47 असेल तर 5 ते 10 मिनिटांत, त्याखाली आणखी लवकर. नाक, कान, गाल किंवा बोट पांढुरकं, मेणासारखं आणि बधिर झालं तर तो हिमदंश. चोळू नका, बर्फ लावू नका, विस्तवाजवळ धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. हात-पाय 37 ते 39 अंशांच्या, कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात अर्धा तास ठेवा. पुन्हा गारठण्याची शक्यता असेल तर मात्र आधी ऊबदार जागी पोहोचा. संवेदना परतली नाही किंवा फोड आले तर दवाखाना.

घरात कोळशाची शेगडी किंवा गॅस पेटवून ऊब घेऊ नका. घरं बंदिस्त असतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, झोपेतच जीव जातो. त्याचा अलार्म चालू आहे ना ते पहिल्याच दिवशी तपासा. धुराचा वेगळा अलार्म फोडणीनं वाजतो आणि त्याची बॅटरी काढून ठेवायचा मोह होतो. त्याऐवजी फोडणीआधी एक्झॉस्ट फॅन लावा. तोच पंखा भात-वरणाची वाफही बाहेर नेतो. ती राहिली तर खिडकीच्या काचेवर पाणी जमतं आणि चौकटीला बुरशी धरते. घर तापवणाऱ्या भट्टीची (फर्नेसची) हवा आत-बाहेर नेणारे पाइप अनेक घरांत बाहेरच्या भिंतीला असतात. बर्फ पडला की आधी त्यांची तोंडं मोकळी करा.

गावाला जाताना हीटर बंद करून जायचं नाही, कमीत कमी 15-16 अंशांवर ठेवायचं. नळ गोठला की पाइप फुटतो, कारण पाण्याचा बर्फ झाला की तो जास्त जागा घेतो. पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे ते घरातल्या मोठ्यांना दाखवून ठेवा. कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचं कपाट उघडं ठेवा.

गाडीला बर्फाचे टायर लावा. साधं रबर 7 अंशांच्या खाली कडक होऊन पकड सोडतं. बॉनेटमधून लोंबणारी प्लग असलेली वायर ब्लॉक हीटरची, म्हणजे इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची. उणे पंधराच्या खाली गाडी सुरू करण्याआधी तीन-चार तास ती जोडा, रात्रभर जोडायची गरज नाही. टाकी अर्ध्याखाली येऊ देऊ नका. काच धुण्याचं पाणी उणे 40 लिहिलेलंच घ्या.

वडीलधाऱ्यांना खरी भीती घसरण्याची. पाय थोडे फाकवून, पावलं छोटी टाकत, पूर्ण तळवा टेकवत, हात खिशाबाहेर ठेवून चालायचं. बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते दारातच काढा; फरशीवर तेच घसरवतात. ओट्यासमोर मीठ टाकता तेव्हा एक लक्षात घ्या, साधं मीठ साधारण उणे दहाच्या खाली काम करत नाही. तेव्हा वाळू टाका.

दिवसाचा उजेड डिसेंबरात साधारण आठच तास. सावळ्या कातडीला ड जीवनसत्त्व बनवायला जास्त ऊन लागतं, म्हणून डोस डॉक्टरांना विचारूनच जा. अंगावर पिणाऱ्या बाळाला तिथले डॉक्टर रोज 400 युनिट सांगतात. खोबरेल डब्यात घट्ट होऊन बसतं, ओठांना आणि गालांना व्हॅसलीन बरं. दही लागत नसेल तर विरजलेलं भांडं बंद ओव्हनमध्ये फक्त आतला दिवा लावून ठेवा, सकाळपर्यंत लागतं.