‘समजलं का?’ असं विचारू नका: ग्राहक संरक्षणात वर्तनशास्त्र घेऊन येऊ पाहणाऱ्यांसाठी

सायकॉलॉजी करून पुढे काय, या प्रश्नाला बडोद्यातल्या मराठी घरांत अजून दोनच उत्तरं चालतात: काउन्सेलिंग, नाहीतर एच.आर. अर्थशास्त्रवाल्यांना बँक, कायदावाल्यांना कोर्ट. या सगळ्यांच्या मधोमध एक काम आहे: ग्राहक संरक्षणासाठी वर्तनशास्त्र, म्हणजे माणसं प्रत्यक्षात कशी वागतात आणि ठरवतात याचा अभ्यास. त्याचं नाव सांगितलं की दांडिया बाजारातले काका-मामा कौतुकाने मान हलवतात आणि लगेच विचारतात, “पण म्हणजे नोकरी नक्की कुठे?” गेली काही वर्षं मी हेच काम करते. ग्राहकाला अडकवणारी रचना शोधायची, ती माणसाच्या कोणत्या सवयीवर चालते ते तपासायचं आणि नियामकाला वापरता येईल अशा पद्धतीने ते लिहून द्यायचं. एम. एस. युनिव्हर्सिटीतले ज्युनिअर अधूनमधून विचारतात, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी एक समज सोडावा लागेल. माहिती नसते म्हणून ग्राहक फसतो, हा तो समज. मी फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेसची, म्हणजे आमच्या आया अजून ज्याला होम सायन्स म्हणतात तिथली. तिथे ग्राहक शिक्षण शिकवतात: बिल घ्या, आयएसआयची खूण पाहा, मुदत तपासा. ते लागतंच. पण एका स्वयंसेवी संस्थेच्या तक्रार टेबलावर बसायला लागले तेव्हा समोर येणारी माणसं अडाणी नव्हती. सीए करणारी मुलं, शिक्षिका, आणि एकदा तर जन्मभर दुसऱ्यांच्या कर्जाची कागदपत्रं वाचलेले एक निवृत्त बँक अधिकारी. २०२१ च्या आधीची गोष्ट. एका अॅपची महिनाभराची मोफत चाचणी त्यांनी घेतली होती आणि मग कार्डातून दरमहा पैसे जात राहिले. अटी त्यांनी वाचल्या होत्या. रद्द करायचं लक्षातही होतं. पण रद्द करायचं बटण पाच-सहा पडद्यांआड (म्हणजे स्क्रीनआड), मध्ये मध्ये “खरंच जाताय?” अशी विचारणा आणि शेवटी कामकाजाच्या वेळेत फोन करा म्हणून एक नंबर. सुरू करताना मात्र अंगठा एकदा टेकवला की काम झालं होतं. या गृहस्थांच्या हातात आणखी एक माहितीपत्रक देऊन काय साधणार?

ब्रिटनमध्ये वित्तीय कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने २०१५ मध्ये बँक खात्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो नव्या माणसाने अवश्य वाचावा. वर्षभरात किती शुल्क कापलं गेलं याचे गोषवारे ग्राहकांना पाठवून त्यांच्या ओव्हरड्राफ्टच्या, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त पैसे काढल्याच्या, शुल्कात जवळपास काहीच फरक पडला नव्हता. ज्यांनी मोबाइलवर मेसेजची सोय घेतली किंवा बँकेचं अॅप वापरलं, त्यांचं शुल्क मात्र कमी झालं. माहिती साधारण त्याच खात्याची. फक्त ती काही करता येईल अशा वेळी पोचली. रिझर्व्ह बँकेचा कार्डावरच्या आपोआप कपातीचा नियम मी याच नजरेने पाहते. ऑक्टोबर २०२१ पासून पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते आणि त्या वेळी तो व्यवहार किंवा आख्खा मँडेट, म्हणजे दरवेळी पैसे कापायची दिलेली परवानगीच, नाकारायची सोयही द्यावी लागते. दुसरा अर्धा भाग जास्त मोलाचा आहे, आणि वर्तमानपत्रांत तोच कमी छापून आला.

शेअर बाजाराचं उदाहरण गुजरातेत वेगळं शोधावं लागत नाही. वायदे आणि ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या किंवा निर्देशांकाच्या पुढच्या भावावर केलेल्या करारांत, दहापैकी नऊ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात जातात, अशी सूचना शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीच्या आदेशाने जुलै २०२३ पासून खात्यात शिरताना दिसते आणि ती मान्य करूनच पुढे जावं लागतं. सेबीच्याच सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात होते, एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर होता, आणि सलग दोन वर्षं तोटा सोसूनही ७५ टक्क्यांहून जास्त लोक खेळतच राहिले होते. सूचना आली ती या काळाच्या शेवटाकडे, त्यामुळे तिचा परिणाम शून्य असं या आकड्यांवरून म्हणता येणार नाही. अशी घाईची विधानं करूच नका. पण सेबी सूचनेवर थांबली नाही, हे पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने निर्देशांकाच्या कराराचं किमान मूल्य पाच-दहा लाखांवरून १५ लाखांवर नेलं आणि दर आठवड्याला संपणारे करार प्रत्येक एक्स्चेंजला एकाच मुख्य निर्देशांकापुरते ठेवले. इशारा वाचणाऱ्या प्रत्येकाला तो दहावा माणूस आपणच आहोत असं वाटतं. कराराचा आकार वाढला की मात्र प्रत्येकाला खिसा चाचपावा लागतो.

आता कायदा. वकील व्हायची गरज नाही, पण कुठलं दार कुणासाठी आहे हे पक्कं माहीत हवं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. जिल्हा आयोगात एका ग्राहकाच्या नुकसानीची तक्रार चालते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्ह्यातच, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि विक्रेता मुंबईचा असो की बंगळुरूचा, तक्रार राहत्या गावी करता येते. १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन त्याच्या आधीची पायरी. आपलं काम बहुतेक तिसऱ्या दाराशी असतं, ते म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. तिथे एकट्याची भरपाई मिळत नाही. अनेक ग्राहकांना एकाच वेळी लागू पडणाऱ्या अनुचित प्रथेवर तिथे कारवाई होते. या प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नविषयी, म्हणजे ग्राहकाला नको ते करायला लावणाऱ्या फसव्या रचनांविषयी, मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि त्यात १३ प्रकार सांगितले: खोटी घाई, न विचारता टोपलीत वस्तू टाकणं, नकार देणाऱ्याला लाजवणं, सबस्क्रिप्शनचा सापळा, शेवटच्या पडद्यापर्यंत थोडी थोडी किंमत वाढवत नेणं, वगैरे. यादी पाठ करून मुलं खूश होतात. खरी मेख व्याख्येत आहे. ग्राहकाची दिशाभूल व्हावी अशा बेताने रचना केलेली असली पाहिजे. बेत सिद्ध कसा करणार? कंपनीच्या मनात तर शिरता येत नाही.

याचं मला पटलेलं उत्तर म्हणजे जाण्याची आणि येण्याची वाट शेजारी शेजारी मांडणं. नवा नंबर, नवं खातं. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, अॅपची आवृत्ती, निवडलेली भाषा लिहून ठेवायची आणि सुरुवातीपासून स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू ठेवायचं. सेवा घ्यायला किती पडदे, किती टॅप, किती सेकंद, सोडायला किती. कुठलं बटण रंगीत, कुठलं फिकट. किंमत पहिल्यांदा कुठे दिसली आणि शेवटी किती झाली. एखादी खूण आधीच केलेली होती का? २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार खरेदीची संमती स्पष्ट कृतीने घ्यायची असते, आधीच खूण करून ठेवलेला चौकोन चालत नाही. त्यामुळे तो एक स्क्रीनशॉट दहा पानांच्या निबंधाला भारी पडतो. “फक्त दोन उरले” असं लिहिलेलं असेल तर तासाने, दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या फोनवर पाहायचं. काम कंटाळवाणं आहे हे कबूल. पण एकच पद्धत दहा अॅपना लावली की जो तक्ता तयार होतो, त्यावर कुणालाही “हा तुमचा समज आहे” असं म्हणता येत नाही.

मग माणसं. इथे सायकॉलॉजीचं शिक्षण उपयोगी पडतं, आणि इथेच ते सगळ्यात जास्त विसरलं जातं. “समजलं का?” असं कधीही विचारू नका. सगळे हो म्हणतात. रावपुऱ्यातले आजोबा तर नातवासमोर नाही म्हणणारच नाहीत. कर्जाचा पडदा दाखवून विचारायचं, “एकूण किती परत द्याल? एक हप्ता चुकला तर काय होईल? मन बदललं तर कधीपर्यंत परत करता येईल?” उत्तर आकड्यात घ्यायचं आणि पडदा झाकून घ्यायचं. मूळ पडद्याशेजारी तुमचा सुधारलेला पडदा ठेवायचा, पण एका माणसाला एकच दाखवायचा, आणि कुठला ते नाणं उडवून ठरवायचं. माझ्या ओळखीचे बरेच जण हे टाळतात, कारण समोरची बाई हुशार वाटली की तिला आपला आवडता पडदा दाखवावासा वाटतो. सेवउसळीच्या गाडीवर भेटलेल्या वीसेक जणांवरून काही सिद्ध होत नाही हेही लक्षात ठेवा. त्यांच्याकडून तुमचे प्रश्न कुठे फसतात एवढं कळतं, आणि सुरुवातीला तेवढंच हवं असतं.

भाषेचा एक मुद्दा आपल्या गावापुरता. बडोद्याच्या मराठी मुलाला घरात मराठी, बाजारात गुजराती, मित्रांत हिंदी आणि कागदावर इंग्रजी असं सहज मिळालेलं असतं, आणि आपण त्याची किंमत करत नाही. अॅपची भाषा गुजराती करून पाहा: बऱ्याचदा “पुढे चला”चं बटण गुजरातीत येतं आणि अटींचा दुवा उघडला की इंग्रजी सुरू. दिल्लीत बसलेल्या संशोधकाला हे दिसतच नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना मुख्य माहिती पत्रक बंधनकारक झालं आहे. त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर सांगायचा असतो आणि पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवं. ते खरंच समजणाऱ्या भाषेत आहे का, की गुजराती लिपीत इंग्रजी शब्द ओतलेत, हे वाडीतल्या किंवा मांडवीतल्या दहा दुकानदारांना विचारून पाहण्याजोगा प्रकल्प आहे. कुणी केला तर मला वाचायला आवडेल.

वर्तनशास्त्रावर मात्र फार भाबडेपणाने विश्वास ठेवू नका. फॉर्मच्या वरच प्रामाणिकपणाची सही घेतली की लोक कमी खोटं लिहितात, असा २०१२ चा एक प्रसिद्ध निबंध होता. त्यात विमा कंपनीच्या फॉर्मचा प्रयोगही होता, म्हणजे थेट आपल्या उपयोगाचा. २०२० मध्ये मोठ्या प्रयोगांत तो परिणाम दिसला नाही. २०२१ मध्ये विम्याच्या आकड्यांतच बनावटगिरी असल्याचं उघड झालं आणि निबंध मागे घेतला गेला. दुसरं, २०२२ मध्ये स्टेफानो डेलाविन्या आणि एलिझाबेथ लिनोस यांनी हिशेब मांडला: विद्वत्पत्रिकांत छापलेल्या ‘नज’चा, म्हणजे सक्ती न करता निवड वळवणाऱ्या छोट्या बदलांचा, सरासरी परिणाम ८.७ टक्केबिंदूंचा (शंभरात आठ-नऊ माणसांचा फरक), आणि असे बदल राबवणाऱ्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या गटांनी, नज युनिटनी, प्रत्यक्ष राबवलेल्यांचा १.४ चा. छापून येतं ते निवडक असतं, हे त्यातलं एक मोठं कारण. १.४ म्हणजे काहीच नाही असंही नाही. लाखो ग्राहकांवर तो फरक मोठा ठरतो. पण पहिल्याच अहवालात चमत्काराचं वचन दिलंत तर पुढच्या बैठकीला तुम्हाला कुणी बोलावणार नाही.

न्याय्य बाजाराचा भाग विद्यार्थी नेहमी शेवटी वाचतात. विक्रेते पुष्कळ असले म्हणजे स्पर्धा आपोआप चोख होते असं नाही. तुलना करणं अवघड केलं की दहा विक्रेत्यांतही ग्राहक एकाच्याच गळ्यात पडतो. मंगळ बाजारात भाव सांगणाऱ्याचा चेहरा समोर असतो आणि पाठ फिरवली की तो हाक मारतो. विम्याच्या नूतनीकरणात उलट, जुना ग्राहक पाठ फिरवत नाही हेच त्याला महाग पडतं. ब्रिटनने १ जानेवारी २०२२ पासून घर आणि वाहन विम्यात जुन्या ग्राहकाकडून नव्यापेक्षा जास्त हप्ता घ्यायला बंदी केली, ती यासाठीच. आपल्याकडे पाकीटबंद मालावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापायची २०२१ ची दुरुस्ती याच जातीची. तो भाव केवढ्या अक्षरात आणि पाकिटाच्या कुठल्या कोपऱ्यात छापलाय, ते किराणा आणताना एकदा पाहा.

तर नोकरी कुठे? अहमदाबादला १९७८ पासूनचं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर आहे, सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. जयपूरची कट्स ही संस्था स्पर्धा आणि ग्राहक दोन्हींवर काम करते. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये ग्राहक कायद्याचं अध्यासन आहे. भारतीय स्पर्धा आयोग इंटर्न घेतो. तिथे अर्थशास्त्र आणि कायद्याच्या मुलांचं पारडं जड, पण ज्याला प्रश्नावली बांधता येते आणि आकडे तपासता येतात तो टिकतो. जाहिरातींसाठी मुंबईची अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल. खासगी कंपन्यांत यूएक्स रिसर्चच्या, म्हणजे वापरणाऱ्याला पडदे कसे जमतात हे तपासण्याच्या, जागा या सगळ्यांपेक्षा जास्त आणि पगारही बरे. तिथे हीच विद्या उलट्या बाजूने वापरायची वेळ येऊ शकते, म्हणून मुलाखतीत तुम्हीही विचारा: सबस्क्रिप्शन सोडून जाणाऱ्या ग्राहकाचा पडदा कोण मंजूर करतं? सप्टेंबर २०२५ मध्ये अॅमेझॉनने प्राइम सदस्यत्व गळ्यात मारून ते सोडणं अवघड केल्याच्या आरोपाच्या प्रकरणात अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी २.५ अब्ज डॉलर्सची तडजोड केली, तेव्हापासून या प्रश्नाला कुणी हसत नाही.

अभ्यासाचं विचाराल तर सायकॉलॉजीवाल्यांनी आधी संख्याशास्त्राची भीती घालवावी, आणि कॉमर्सवाल्यांनी तक्रार टेबलावर एखादी सुट्टी काढावी. कायद्याच्या मुलांना दोन्ही लागेल. अर्जासोबत जोडायला प्रमाणपत्रांची चळत नको. एका अॅपची वर सांगितली तशी येण्या-जाण्याची नोंद, दोन पानांत, पडद्यांच्या चित्रांसह, आणि शेवटी १३ पैकी कुठला प्रकार लागू पडतो व कुठला लागू पडत नाही याची कारणं. “लागू पडत नाही” हा रकाना मी आधी वाचते.