फोन लोगोवरच अडकतो तेव्हा

परवा आईचा फोन लोगो दाखवायचा, विझायचा, पुन्हा लोगो. तिचे सगळे फोटो त्यातच, त्यामुळे फॅक्टरी रीसेटला मी हात लावला नाही. तुम्हीही घाई करू नका. त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं.

मागचं झाकण फुगून वर आलेलं दिसलं तर चार्जरही लावू नका, थेट दुरुस्तीला न्या. तसं नसेल तर अर्धा तास चार्ज करा. पार उतरलेल्या बॅटरीत स्क्रीन बराच वेळ काळीच राहते.

मग फोन जबरदस्तीने रीस्टार्ट करून पाहा: बहुतेक अँड्रॉइडवर पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन १०-२० सेकंद एकत्र दाबून धरा. आयफोन ८ आणि त्यापुढच्यांवर व्हॉल्यूम अप दाबून सोडा, व्हॉल्यूम डाउन दाबून सोडा, मग बाजूचं बटण सफरचंद दिसेपर्यंत धरा.

आणि हो, कव्हर काढा! आईच्या फोनचं दुखणं तिथेच होतं. नव्या कव्हरची जाड कड पॉवर बटणावर रुतली होती, बटण सतत दाबलेलंच. कव्हर काढून बटण दोन-चारदा अलगद दाबलं, ‘टिक’ असा मोकळा आवाज आला आणि फोन सुरू झाला. सगळ्यात आधी फोटोंचा बॅकअप घेतला.