अलिबागला जाताय? आधी तिथी बघा

अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं म्हणून लोक निघतात आणि पोचतात नेमके भर भरतीत, मग किनाऱ्यावर भेळ खात बसतात. भरती-ओहोटीच्या वेळेचा कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशोब आहे, नेटसुद्धा लागत नाही.

१. कॅलेंडरवर त्या दिवशीची तिथी बघा, शुक्ल असो वा कृष्ण, फरक पडत नाही.
२. तिथीच्या आकड्याचा पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची साधारण वेळ आली. द्वादशी असेल तर बाराचा पाऊणपट नऊ, म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ.
३. त्यात सहा तास मिळवा, ओहोटी दुपारी तीनला.

पौर्णिमा-अमावास्येला १५ धरायचे. तेव्हा उधाण असतं, पाणी लांबवर हटतं, पण ओहोटी पडते पहाटे पाच-सहाला नाहीतर संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी, पाणी नीट हटतच नाही, मग घोडागाडीच बरी.

अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे ओहोटीच्या तासभर आधीच निघा आणि पाणी चढायला लागलं की सेल्फी राहू दे, सरळ परत फिरा. पावसाळ्यात मात्र हा हिशोब चालवूच नका, तिथल्या कोळीवाड्यात विचारा.