कोल्हापूरच्या घाटपट्ट्यात रोबस्टा कॉफीची लागवड

कॉफीच्या मुळांना साचलेले पाणी सोसत नाही. त्यामुळे पंचगंगेकाठची उसाची काळी जमीन या पिकासाठी विचारातही घेऊ नये. आजरा, चंदगड, भुदरगड किंवा राधानगरी तालुक्यातील निचऱ्याचा, जांभ्या मातीचा आणि आधीपासून झाडी असलेला उतार निवडावा. कॉफीच्या दोन मुख्य जातींपैकी अरेबिका साधारण १००० मीटरच्या वर चांगली येते, शिवाय तिला खोडकिड्याचा मोठा उपद्रव होतो. येथे त्याहून कमी उंचीवर जमणारी रोबस्टाच घेणे शहाणपणाचे ठरेल.

जमीन साफ करण्याच्या भरात झाडे तोडू नयेत. फणस, पांगारा अशा झाडांची विरळ सावली कॉफीला हवीच असते आणि त्यांच्या खोडांवर मिरीचे वेल चढवले, तर पुढे कॉफीबरोबर मिरीचेही उत्पन्न मिळते; मात्र दोन्ही पिकांचे उत्पन्न सुरू व्हायला तीन-चार वर्षे लागतात. दीड फूट लांबी-रुंदी-खोलीचे खड्डे उन्हाळ्यात काढून ठेवावेत, ते माती व कुजलेल्या शेणखताने भरावेत आणि पावसाचा जोर ओसरल्यावर पिशवीतील रोपे लावावीत. गव्यांचा वावर असलेल्या गावात कुंपणाचा खर्च आधीच धरावा.

खरी कसोटी पाण्याची. पाऊस घाटात उदंड पडतो, परंतु कॉफीला तो ज्या वेळी हवा असतो त्या वेळी मिळत नाही. हिवाळ्यात धरलेल्या कळ्या कोरड्या हवेत मिटून राहतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एक चांगली ओल मिळाली, की आठ-दहा दिवसांत सबंध फांदी पांढऱ्या, सुवासिक फुलांनी भरून जाते. ओल अपुरी पडल्यास कळ्या अर्धवट उमलून वाळतात. आपल्याकडचा वळीव बहुधा एप्रिल-मेमध्ये येतो, तोही बेभरवशाचा. म्हणून तुषार सिंचनापुरता पाणीसाठा नसेल, तर लागवडीच्या फंदात पडू नये. फुलोऱ्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी दुसरे पाणी द्यावे. रोबस्टाला स्वतःच्या परागाने फळ धरत नाही, तेव्हा फुले असताना कीटकनाशक फवारू नये. शक्य असल्यास मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात.

फळे डिसेंबर ते फेब्रुवारीत पिकतात. नेमकी हीच ऊसतोडीची धांदल असल्याने मजूर आधीच बोलून ठेवावेत आणि केवळ लाल झालेली फळेच तोडून घ्यावीत. ती स्वच्छ खळ्यावर पातळ पसरून दिवसातून अनेकदा हलवावीत व रात्री झाकावीत. मूठभर फळे कानाशी हलवल्यावर आत बी खुळखुळू लागले, की वाळवण पुरे होत आल्याचे समजावे. मात्र पोती भरण्यापूर्वी ओलावा ११ टक्क्यांच्या आसपास आल्याची मापकावर खात्री करून घ्यावी.